मिठाचं फिट्टंफाट

पावनं, चा घ्या. दूध निव्वळ हाय. आता निव्वळ हाय, मग आदी न्हवतं काय, असं इचारशिला तर त्येच सांगायला बसलोय. मी विठाबाई, आकारामची बायकू. आमच्याकडं बायका बी ‘आलो-गेलो’च म्हंत्यात, त्याला हसू नगासा.

आमच्या मालकास्नी तत्त्वाचं याड हाय. कुनाला दारूचं आसतं, कुनाला मटक्याचं, आमच्या नशिबाला ह्ये आलं. बरं, तत्त्व तरी चारचौघांसारखं आसावं का न्हाय? ‘ज्याचं मीठ खाल्लं त्याला मत.’ एवढंच. आमच्या गावात ग्रामपंचायतीचं इलेक्शन आसू दे, सोसायटीचं न्हायतर दूध संस्थेचं, उभं ऱ्हानारा मटनाचं जेवान घालतोच. आन् लोकं दोन्हीकडं जेवत्यात. आज ह्याच्यात, उद्या त्याच्यात, आन् मत मनाला यील त्याला. घालनाऱ्याला बी ठावं आसतं आन् खानाऱ्याला बी. पर आमचं म्हातारं आदी चार दिस इचार करनार, मत कुनाला द्यायचं त्ये ठरवनार, आन् मग त्येच्याच मांडवात जाऊन जेवनार. दुसऱ्याकडचा घोटभर चा बी घेनार न्हाय. गावात पार पैजा लागत्यात, आकाराम कुठं जेवला म्हनून.

ह्ये याड लागलं कवा, त्ये बी सांगतो. माजं लगीन हून वरीस झालं आसंल. एकाच्यात ह्येंनी वाटीवर वाटी रस्सा वरपला आन् मत दिलं दुसऱ्याला. ज्याचा रस्सा खाल्ला त्यो बिचारा एका मतानं पडला. आठ दिसांत आमचा बैल हिरीत पडला. दोर घिऊन, धोतराचा काचा मारून, सगळ्यांच्या आदी हिरीत उतरला कोन? त्योच, पडल्याला. बैल वर निघाला, पर ह्येंची मान जी खाली गेली ती गेली. त्या दिशी वल्ल्या बैलाच्या पाठीवर हात ठिऊन म्हनालं, आता मीठ एकाचं आन् मत दुसऱ्याला, असं व्हनार न्हाय. मला वाटलं चार दिसांत उतरंल. चाळीस वर्सं झाली.

औंदा दूध संस्थेचं इलेक्शन लागलं, आन् नेमका त्याच येळंला आमच्या घराला घोर लागला. माजा ल्योक जोतीराम कबनूरला कापडाच्या मागावर असतो. माग तीन दिस चालतोय आन् चार दिस बंद. त्येनं फोनवर सांगिटलं, जूनला स्नेहलला आन् अदितीला हिकडं न्हेतो, स्नेहल बी कुठंतरी शिलाईला लागंल, दोघांचं मिळून भागंल. स्नेहल माजी सून, मला आत्ती आन् मालकास्नी मामा म्हंती; अदिती नात, दुसरीत हाय. मी हूं म्हनालो, फोन ठेवला, आन् गोठ्यात जाऊन म्हशीच्या गळ्यात पडून रडलो. खोटं कशाला सांगू? सून गेली, नात गेली तर घरात ऱ्हानार मी, म्हातारं आन् म्हस. त्यातली माजं ऐकनारी म्हस तेवढी.

एकच वाट हुती. संस्थेत दुदाची फॅट बगायचं मशीन हाय. त्येच्यावर बसनारा अप्पा टेस्टर औंदा वय झालं म्हनून घरी बसला. स्नेहल कॉम्प्युटर शिकल्याली. ती जागा तिला घावली तर पोरगी कुठं जात न्हाय. आता ह्या अप्पाशी आमचं मालक सहा वर्सं बोलत न्हवतं. का? तर त्यानं आमच्या दुदाची फॅट सारखी कमी दावली. भर रांगंत मालक त्येला म्हनालं, आकारामच्या घरचं दूध हाय ह्ये, खोटं लावतोस व्हय रं? अप्पा काय बोलला न्हाय. मी बी पदर तोंडाला लावून गप ऱ्हायलो.

तर इलेक्शनला एका बाजूला हुता चेअरमन विजयसिंह, चिन्ह छत्री. दुसऱ्या बाजूला हंबीरराव, चिन्ह कपबशी. मालकांनी कपबशी ठरवली हुती. म्हनायचं, चेअरमनच्या म्हशीला बारा महिनं आठ फॅट लागती, म्हस हाय का तुपाचा डबा? झालं, हंबीररावाच्या पहिल्या जेवनाला निगालं. टोपी घाटली, चपला घाटल्या. तेवढ्यात हंबीररावच दारात. लई खुशीत हुता. चारचौघांम्होरं म्हनाला, आकारामअण्णा, सूनबाईला मशीनवर बसवायचं माज्याकडं लागलं, तुमी फकस्त कपबशीकडं ध्यान ठेवा.

मला वाटलं, देवच दारात आला. मालकांनी टोपी काडली आन् खुंटीला आडकवली.

“हंबीर, जेवाय यीत हुतो मी. आता यीत न्हाय.”

त्यो गेल्यावर मी ह्येंच्या अंगावर गेलो. काय बिगाडलं म्हनालो, त्येलाच मत द्यायचं हुतं न्हवं? तर म्हंत्यात, मटन खाऊन मत दिलं म्हंजे घरोबा झाला, नोकरी घिऊन मत दिलं म्हंजे इकलं. आता त्येच्या पंगतीला बसलो तर त्यो सौदा पक्का झाला. मी म्हनालो, मग चेअरमनच्यात जावा. तर म्हंत्यात, त्येला मत द्यायचं न्हाय, मग मीठ कशाला खाऊ? म्हंजे बगा, सगळं गाव पंदरा दिस जेवतंय, आन् आमच्यात तुरीची आमटी.

पावनं, तुमी पंदरा दिस तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा वास घिऊन उपाशी ऱ्हाऊन बगा. चेअरमनचा मांडव वरच्या आळीला, हंबीररावाचा खालच्या. वारं कुठनं बी येवो, वास आमच्याच दारात. मी डोक्यावर वाड्याचा, उसाच्या शेंड्यांचा, भारा घिऊन फडातनं यायचो, तर म्हातारं बाजलं उचलून कदी हिकडं तोंड करतंय, कदी तिकडं. शेजारचा ज्ञानू दोन्हीकडं जेवायचा. त्यो मुद्दाम आमच्या सोप्यावर यिऊन ढेकर द्यायचा, आन् म्हनायचा, आज पांढरा जरा पातळ झाल्ता, अण्णा. मालक त्येला बस म्हनायचं आन् बारीक तोंड करून इचारायचं, खोबरं वाटून घाटलंतं का? नुसतं इचारायचं. मला हसाय बी यायचं आन् रडाय बी.

मग मीच ठरवलं. ह्येंच्या तत्त्वाला ह्येंच्याच तत्त्वात गुतवायचं. हंबीररावाचं मीठ ह्येंच्या पोटात गेलं की झालं, पोटात गेल्यालं काय बाहीर काडता येत न्हाय. रैवारी दुपारी दोन्हीकडं जेवान हुतं. मी ज्ञानूला माजा डबा दिला, नाव घाटल्याला, म्हनालो, कुनाला बोलू नगंस, हंबीररावाच्या मांडवातनं रस्सा-मटन भरून आन. त्येनं आनला. मी गडबडीनं आमच्या पातेल्यात वतला, वर कोथमीर टाकली, डबा मोरीत टाकला. मालकास्नी सांगिटलं, नेसरीच्या बाजारातनं माज्या भावानं मटन पाठवलंय.

जेवलं की वो माजं म्हातारं. आदी हळू, मग भाकरी कुस्करून, मग वाटी तोंडाला लावून. नाकातनं पानी, डोळ्यातनं पानी. नळी आपटून आपटून चोखली. अदिती बगतच बसली. ढेकर दिला, हात धुतला, बाजल्यावर टेकलं. मी कमरंवर हात ठिऊन म्होरं हुबारलो आन् म्हनालो, “मालक, भावाचं न्हवं त्ये. हंबीररावाचं मीठ हाय. आता द्या मत कपबशीला, आन् ऱ्हाऊ द्या माजी सून माज्या घरात.”

म्हातारं काय बोलायच्या आदी मोरीतनं स्नेहल आली. तिच्या हातात घासल्याला डबा. म्हनाली, आत्ती, ह्यो आपला न्हवं. ह्येच्यावर ‘सौ. श्यामला ज्ञानू’ असं नाव हाय.

मी तशीच ज्ञानूच्यात पळत. बगतो तर त्येची बायकू श्यामला माज्या नावाच्या डब्यातनं वाडून घेतीया. त्या खादाडानं दोन डबं न्हेलं हुतं. माजा हंबीररावाच्यात भरला, आन् घरचा भरला चेअरमनच्यात. दोन्हीकडं पोट फुटंस्तोवर खाऊन आल्यावर कुठला डबा कुनाचा त्ये कशाला बगतोय? माजं हंबीररावाचं मटन श्यामलाच्या पोटात, आन् माज्या नवऱ्याच्या पोटात छत्री.

परत आलो, सगळं सांगिटलं. म्हनालो, चुकलं माजं. पर तुमास्नी ठावं न्हवतं, फसवून खाऊ घाटलं, असलं मीठ काय लागत न्हाय. देव बी माफ करतोय. तर म्हातारं म्हनालं,

“पयला घास न कळत गेला. दुसऱ्या घासाला कळालं, ह्ये तुज्या हातचं न्हवं. थांबाय पायजे हुतं. न्हाय थांबलो, विठा. पंदरा दिस झालं हुतं.”

असं म्हनून लहान पोरावानी तोंड केलं. लबाडी मी केलती आन् लाज त्येंना वाटत हुती.

दोन दिस म्हातारं जेवलं न्हाय धड. गोठ्यात शेन भरताना बी हात मधीच थांबायचा. तिसऱ्या दिशी सकाळी उठलं, खुराड्यापशी गेलं, आन् सम्राटला धरलं. सम्राट म्हंजे आमचा कोंबडा, तांबड्या तुऱ्याचा, अदितीनं नाव ठेवल्यालं. मी म्हनालो, ह्ये काय? तर म्हंत्यात, मीठ खाल्लंय त्ये फेडायचं. त्येचं माज्या पोटात गेलंय, माजं त्येच्या पोटात घालायचं. चेअरमनला जेवाय बोलवून आलोय, वाटन घाल.

चेअरमन आला की. इस्त्रीचा सदरा, गळ्यात चेन, संगं दोन मानसं. त्येला वाटलं आकारामचं मत पदरात पडलं, आन् आकारामच्या मागनं आनी धा-ईस मतं. लई चवीनं जेवला. तीन वाट्या रस्सा पिला. अदिती आदी सम्राटसाठी रडली, मग रडत रडत तिनं बी एक तंगडी संपवली. जेवान झालं, चेअरमन हात पुसाय लागला, तवा मालक म्हनालं, “चेअरमन, रैवारी एका डब्यातनं तुमचं मीठ माज्या पोटात गेलं. आज माजं तुमच्यात गेलं. फिट्टंफाट. आता माजं मत मोकळं झालं.”

चेअरमन हसला. मग बगितलं, म्हातारं हसत न्हाय. पान न खाताच उठला.

झालं काय, चेअरमनची गाडी आमच्या दारात सगळ्या गावानं बगितली. आकाराम छत्रीकडं गेला, असं संध्याकाळच्या आत पार नेसरीपतुर झालं. हंबीरराव तणतणत आला. दारातनंच म्हनाला, सूनबाईची जागा इसरा आता. मालकांनी काय खुलासा केला न्हाय. मी दोन्ही हात जोडून त्येच्या मागं कोपऱ्यापतुर गेलो, तर त्यानं वळून बी बगितलं न्हाय. लोकं बगत हुती. तवा मला वाटलं, धरनी पोटात घील तर बरं.

मतदान झालं. चेअरमन नऊ मतांनी आला. जोतीरामचा फोन आला, खोली बगितलीया म्हनून. स्नेहलनं माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काडली, पुसली, आन् उनात ठेवली. मी त्या पेटीकडं बगायचं नाय म्हनून सकाळपासनं रानात मिरच्या तोडत ऱ्हायलो. हाताची आग डोळ्याला लागली, त्यामुळं रडायला कारान बी मिळालं.

आठ दिस झालं आसतील. दुपारच्याला चेअरमन एकटाच, चालत आमच्या सोप्यावर आला. घाम पुसला, बाजल्यावर बसला. म्हनाला, गावचं गाडीभर दूध वरनं, मोठ्या डेअरीतनं, परत आलंय, पानी लई हाय म्हनून. परत एकदा आलं तर संस्था बंद. मग मालकांच्या डोळ्यात बगून त्येनं इचारलं, “अण्णा, मत कुनाला दिलंसा?”

मी चेअरमनच्या मागं हुबारलो हुतो. मी म्हाताऱ्याला डोळं दावलं, हात जोडलं, पदर पसरला. एवढंच म्हना, तुमालाच दिलं म्हना. मतपेटीत कुनी बगाय गेलंय का? सुनंची पेटी अजून उनातच हाय वो, एवढं एकदा खोटं बोला. सगळं खुनंनं सांगिटलं. म्हाताऱ्यानं माज्याकडं बगितलं. म्हंजे त्येला दिसलं नाय असं न्हाय.

“तुमास्नी न्हाय. हंबीररावाला.”

चेअरमननं इचारलं, त्येनं जागा देत न्हाय म्हनून सांगिटल्यावर बी? तर मालक म्हनालं, जागा दिली म्हनून मत दिलं तर सौदा, काडून घेटली म्हनून मत काडून घेटलं तर त्यो बी सौदाच की.

मी मनात म्हनालो, झालं. आता ह्यो उठून जानार, आन् पेटी बी जानार. चेअरमन उठला न्हाय. म्हनाला, “संस्थेचं सभासद तीनशे अठरा. मत तुमालाच दिलंय म्हनून घरी सांगाय आल्ते दोनशे नव्वद. मोजली तवा निगाली एकशे त्रेसट. ह्या गावात खरं बोलनारं घर मला आज घावलं. मशीनवर माजा पुतन्या बसवला तर फुडल्या महिन्यात कुलूप लागंल. सूनबाईला पाठवा.”

मालक म्हनालं, ह्ये कशाच्या बदल्यात? आपलं फिट्टंफाट झालंय. तर चेअरमन उठता उठता म्हनाला, कुठलं झालंय? तुमी एक डबा खाल्लासा, मी तीन वाट्या पिलो आन् निम्मा कोंबडा खाल्ला. माज्यावर बाकी हाय.

मालकांनी बोटावर हिशेब केला आन् मान हलवली. पटलं म्हनालं.

पेटी माळ्यावर गेली. मी खंडोबाला नारळ फोडला. एक तारखंला स्नेहल मशीनवर बसली. मी म्हनालो, आज दूध मीच घिऊन जानार. ठेवनीतलं इरकल नेसलो, किटली घासून लख्ख केली, आन् रांगंत हुबारलो. समोर माजी सून, खुर्चीवर, कपाळाला टिकली. मागच्या बाईला मी दोनदा सांगिटलं, माजी सून हाय म्हनून.

माजा लंबर आला. तिनं दूध हलवलं, बाटलीत घेटलं, मशीनला लावलं. मशीन टिंग वाजलं. तिनं आकडं बगितलं. परत एकदा लावलं. मग हळूच म्हनाली, आत्ती, पानी हाय.

आता सांगतोच. पावनं, म्हस दारात आल्यापासनं मी किटलीत एक तांब्या पानी घालत हुतो. लई न्हाय, एकच. पेयाचं, सोच्छ. माज्या सासूनं शिकवल्यालं, कानात सांगिटल्यालं. मालकास्नी कदी कळलं न्हाय. त्या दिशी बी, एवढा आनंदाचा दिस, तरी सवयीनं हात तांब्याकडं गेल्ता.

मी बी हळूच म्हनालो, घे की गं, घरचंच हाय. पोरीचं डोळं भरलं. पर किटली माज्याकडं सरकवली.

“मामांचं मीठ खाल्लंय, आत्ती.”

ऐकलं की वो सगळ्यांनी. तोंड कुठं लपवू, असं झालं. मागं वळलो तर रांग कुठाय? वीस-पंचवीस किटल्या हुत्या, सात ऱ्हायल्या. ज्ञानू किटली पोटाशी धरून फाटकातनं बाहीर निगाला हुता, आन् चेअरमनचा गडी त्येच्या बी म्होरं.

घरी आलो. भरल्याली किटली बगून मालकांनी इचारलं. मी सगळं सांगून टाकलं, आन् डोळं मिटून शिव्यांची वाट बगत बसलो. एक शिवी आली न्हाय. एवढंच म्हनालं, “म्हंजे अप्पा खरं बोलत हुता.” उठलं. टोपी घाटली. उंबऱ्यात वळून म्हनालं, चपला घाल, पानी तुजं हुतं.

भर गावातनं दोघं चालत अप्पाच्यात गेलो. मालक म्होरं, मी मागं, हातात ती किटली. अप्पा तांदूळ निवडत बसल्ता. मालकांनी टोपी काडली आन् म्हनालं, सहा वर्सं तुला खोटा म्हनालो, खोटं माज्या घरात हुतं. अप्पानं सूप खाली ठेवलं.

“मला ठावं हुतं, अण्णा. एक तांब्या. वैनीचं माप कदी चुकलं न्हाय.”

मालकांनी इचारलं, मग त्या दिशी रांगंत सांगिटलं का न्हाईस? तर अप्पा म्हनाला, तुमी खऱ्यापायी म्हस बी इकून बसला आसतासा, आन् वैनीला तोंड दावाय जागा ऱ्हायली नसती. माजं काय, टेस्टरला सगळंच गाव खोटं म्हंतंय.

तवा मातूर मी रडलो, पावनं. सहा वर्सं त्या मानसानं माजं पानी आपल्या तोंडावर घेटलं, आन् मी पदर लावून गप. अप्पानंच मग चा ठेवला. दूध कुठलं? माज्याच किटलीतलं. पातळ झाला चा, पर आमी तिघांनी बी तळापतुर पिला. वाटंत मालक म्हनालं, अप्पा कवा कशाला उभा ऱ्हायला तर आपली दोन्ही मतं त्येलाच, त्येच्यात चा पिलोय. मी म्हनालो, दूध आपलं हुतं की. तर म्हनालं, साखर त्येची हुती.

आता तांब्या पालथा हाय. फॅट सात लागती, सून घरात हाय, नात साळंत हाय. झाला तुमचा चा? मग ही तांब्याची गोष्ट नेसरीपतुर जाऊ दिऊ नगासा. चा आमच्यात पिलाय तुमी.